नव्वद दिवसांचा नवरा

पोर्तुगाल सरकारच्या लेखी माझी बायको एकेचाळीस वर्षं अविवाहित होती. हे मला एका मंगळवारी सकाळी वकिलातीच्या तीन नंबरच्या खिडकीपाशी कळलं. खिडकीमागच्या बाईंनी, ग्रासा त्यांचं नाव, चष्मा कपाळावर चढवून संगणकात पाहिलं, चष्मा पुन्हा नाकावर आणून माझ्याकडे पाहिलं, आणि अतिशय सौम्य आवाजात सांगितलं की मारिया देओलिंदा द सिल्वेइरा यांचं लग्न झाल्याची नोंद नाही. माझ्या शेजारी माझ्या दोन मुलांची आई आणि तीन नातवंडांची आजी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, अजून वेळ गेलेली नाही."

रांगेतले लोक हसले. अमेरिकेतल्या आमच्या फॉल रिव्हर गावातले लोक सकाळी कुठे हसले, तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कोलंबिया स्ट्रीटवरच्या सगळ्या बेकऱ्यांत पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला गेलो तर गल्ल्यावरच्या बाईने मला 'लग्न कधी?' असं विचारलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? मी पाव न घेताच परत आलो.

आता कोणी म्हणेल, सुखाने संसार केलेल्या माणसाला पोर्तुगाल सरकारचं मत विचारायला जायचं कारणच काय? कारण फिलोमेना. देओलिंदाची थोरली बहीण. पोर्तुगालच्या फायाल बेटावरचं त्यांचं घर ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं तेव्हा बापाने बायको आणि धाकटी पोरं घेऊन अमेरिका गाठली. फिलोमेना तेव्हा अठरा वर्षांची होती, तिचं लग्न ठरलेलं होतं. ती मागे राहिली. देओलिंदा आठ वर्षांची. आई सारखी आजारी, त्यामुळे हिला न्हाऊ घालणं, हिची वेणी घालणं, हिला शाळेत नेऊन सोडणं हे सगळं फिलोमेनाने केलेलं. बोटीवर चढताना हिने तिचा ब्लाउज इतका घट्ट धरला होता की शेवटी बटण तुटून हिच्या मुठीत राहिलं, असं सांगतात. मी ते बटण पाहिलेलं नाही. पण त्या घरात सांगितलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची पद्धत नाही.

तर फिलोमेना आता विधवा झाली होती. दोन्ही मुलगे टोरोंटोला. दर रविवारी फोन करायचे, पण फोनवरून काही कोणाला सूप पाजता येत नाही. तिचं हृदय थकलंय, एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर देओलिंदा स्वयंपाकघरात सूपसाठी केलच्या भाजीची पानं चिरत होती. चिरता चिरता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "मला फायालला जाऊन राहायचंय. तिच्यापाशी. ती असेपर्यंत. तू येशील?"

मी म्हणालो, "बघू."

या शब्दाबद्दल मला थोडं सांगायला हवं. मी घाईने निर्णय घेणारा माणूस नाही. पडद्यांच्या गिरणीत रंगखात्यात मी चाळीस वर्षं काढली. तिथे रंग कढईत पडला की परत निघत नाही; म्हणून आधी मोजायचं, मग पुन्हा मोजायचं, मग दुसऱ्याकडून मोजून घ्यायचं. ही सवय मी घरी आणली. आमच्याकडे फ्रिज आला तो कागदावर डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे लिहून, अकरा आठवड्यांनी. त्या अकरा आठवड्यांत दूध बर्फाच्या पेटीत होतं, पण फ्रिज चांगला निघाला. माझं 'बघू' म्हणजे नकार नव्हे. ते देओलिंदालाही ठाऊक होतं. म्हणून ती पानं चिरत राहिली.

मी बघायला सुरुवात केली ती कुंपणापासून. कुंपणापलीकडे गिल अरुडा राहतो. गिलने सगळा जन्म विमानाची तिकिटं विकण्यात घालवला, त्यामुळे जगातले कायदे आपल्याला पाठ आहेत असा त्याचा समज आहे, आणि फुकट सल्ला देतो म्हणून आळीचाही तोच समज आहे. त्याने सांगितलं की देओलिंदा जन्माने तिकडची, ती हवी तितकी वर्षं राहू शकते. पण मी अमेरिकन. मला नव्वद दिवस. मग नव्वद दिवस बाहेर. एक्याण्णवाव्या दिवशी पोलीस मानगूट धरून विमानात बसवतात, आणि पुन्हा त्या खंडात पाय ठेवू देत नाहीत.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"बायकोच्या मार्फत नागरिकत्व घे," गिल म्हणाला. "हक्क आहे तुझा. दोन पासपोर्ट. एक या खिशात, एक त्या खिशात. तुझ्यासारखे किती जण मी पार केलेत."

त्याने एकालाही पार केलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी घरी जाऊन कागदावर मधोमध रेघ मारली होती.

डावी बाजू पटापट भरली. हवं तितकं राहता येईल. दवाखाना मिळेल. मतदान करता येईल. गिलने 'कुठेही मासे पकडता येतील' हेही लिहायला लावलं, मला मासेमारीचा गंध नसताना. उजवी बाजू भरायला माझी बहीण लुसील आली. लुसील माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि कुठल्याही गोष्टीची उजवी बाजू तिला आधी दिसते. ती म्हणाली, दोन ठिकाणी कर भरावा लागेल. मी म्हणालो, बहुधा नाही. ती म्हणाली, युद्ध झालं तर सैन्यात नेतील. मी तिला माझं वय सांगितलं. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो मुद्दा सोडून दिला. मग म्हणाली, "आपले आजोबा क्यूबेकहून आले, त्यांना या एका देशाचं होता होता आख्खं आयुष्य गेलं. मरताना फ्रेंचमध्येच पाणी मागितलं त्यांनी. आणि तुला दुसरा देश हवाय." हा तोटा कागदावर कसा लिहायचा ते मला सुचलं नाही. मी नुसतं 'आजोबा' असं लिहिलं.

ॲरिझोनातल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सरळ एखाद्या जाणत्या वकिलाला विचारा. पण अनोळखी माणसासमोर बसून 'मला माझ्या बायकोबरोबर राहायचंय, राहू का?' असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. माणसाला काही मान असतो की नाही? शिवाय गिल होताच.

असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत देओलिंदाने एकदाही विचारलं नाही की बघून झालं का. फक्त दर रविवारी फोनवर फिलोमेनाशी बोलून झालं की ती रिसीव्हरची वायर नीट गुंडाळून ठेवायची, आणि ती गुंडाळायला तिला फार वेळ लागायचा. शेवटी मी जाहीर केलं की फायदे चार ओळींनी जास्त आहेत; आपण नागरिकत्व घेऊ, कागद नीट करू, आणि मग दोघं ताठ मानेने जाऊ. ती म्हणाली, "बरं."

आणि मग तो तीन नंबरच्या खिडकीवरचा मंगळवार आला.

आधी लग्नाची नोंद तिकडे व्हायला हवी होती, तरच मी नवरा. नोंदीला दोघांचे जन्माचे दाखले हवेत आणि लग्नाचा दाखला. हे सगळे मी एका फायलीत लावून घेऊन गेलो. ग्रासाबाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, आणि मला प्रथमच कळलं की हे दोन माणसांचे दाखले नसून चार माणसांचे आहेत.

आमच्या फ्रेंच घरांमध्ये प्रत्येक मुलाचं पहिलं नाव जोसेफ ठेवायची रीत. त्या नावाने कोणी हाक मारत नाही, ते नुसतं देवाला दाखवायला. त्यामुळे जन्माच्या दाखल्यावर मी जोसेफ नॉर्मंड लेव्हासर. लग्नाच्या वेळी मी पंचवीस वर्षांचा होतो आणि अमेरिकन दिसायची हौस होती, म्हणून मीच 'जोसेफ' गाळला आणि नॉर्मंडचा शेवटचा 'ड' उडवून नॉर्मन झालो. देओलिंदाच्या बापाने इथे आल्यावर कारखान्यात सोपं पडावं म्हणून सिल्वेइराचं सिल्व्हिया केलं, आणि हिने शाळेत मुली चिडवतात म्हणून देओलिंदाचं लिंडा केलं. तेव्हा लग्न झालं होतं ते नॉर्मन आणि लिंडा सिल्व्हिया या दोघांचं. जोसेफ आणि मारिया देओलिंदा कधी एकमेकांना भेटलेलेच नव्हते.

ग्रासाबाई म्हणाल्या, ही चार माणसं दोनच आहेत असं शपथेवर लिहून द्यावं लागेल, दोन साक्षीदारांसह. मी गिलला आणि लुसीलला नोटरीकडे घेऊन गेलो. नोटरीने गिलला विचारलं, या गृहस्थांना तुम्ही कोणत्या नावाने ओळखता? गिल एकतीस वर्षं माझा शेजारी. त्याने छातीवर हात ठेवून, गंभीरपणे 'नॉर्म' असं सांगितलं. म्हणजे पाचवा माणूस. लुसीलला विचारलं की हाच तुमचा भाऊ याची खात्री आहे का. ती म्हणाली, दुर्दैवाने आहे. नोटरीने ते 'दुर्दैवाने' लिहिलं नाही एवढं बरं. पण आधीच्या पाचव्या माणसापायी शपथपत्र परत आलं, पुन्हा झालं, पुन्हा भाषांतर झालं. लग्नाची नोंद व्हायला सात महिने लागले. ज्या दिवशी झाली, त्या दिवशी मी केक आणला. देओलिंदाने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, फिलोमेनाला आता जिना चढवत नाही, ती खालच्या खोलीत झोपायला लागली आहे.

मग चारित्र्याचा दाखला. त्यासाठी दहाही बोटांचे ठसे. पोलीस ठाण्यातल्या मुलीने माझं एकेक बोट यंत्रावर फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये." रंगखात्यातल्या चाळीस वर्षांच्या आम्लाने आणि सोड्याने सगळ्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. दोनदा ठसे पाठवले, दोनदा वाचता येत नाहीत म्हणून परत आले. लुसीलने उपाय सांगितला: तीन आठवडे रोज मलम चोळायचं आणि दिवसभर सुती हातमोजे घालायचे. मी घातले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या रीतीप्रमाणे शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली तेव्हा माझ्या डावी-उजवीकडची माणसं मागच्या बाकावर निघून गेली. पाद्र्याने मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? शेवटी ठशांवाचून नुसत्या नावावरून तपास झाला आणि दाखला मिळाला: माझ्या नावावर कसलीही नोंद नाही. चांगलीच गोष्ट. पण एवढ्या मोठ्या देशाच्या दप्तरात सदुसष्ट वर्षांत आपण कुठेच उमटलो नाही, याचं मला दोन दिवस वाईट वाटलं.

अर्ज एकदाचा मे महिन्यात गेला. वर्ष-सव्वा वर्ष लागेल, ग्रासाबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी देओलिंदाने कपाटावरची सुटकेस काढली. ती म्हणाली, मी जूनमध्ये निघते. तुला यायचं तर नव्वद दिवसांसाठी ये.

मी गेलो. आणि ते नव्वद दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मला सांगितलंच पाहिजे. फिलोमेना बुटकी, काळ्या कपड्यांतली, एका जागी बसून सगळं घर चालवणारी बाई होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मला चर्चच्या तळघरात शिकवलेलं पोर्तुगीज येत होतं, पण ते राजधानीतलं; बेटावरच्या माणसांना ते ऐकून बातम्या लागल्यासारखं वाटायचं. तरी आमचं जमलं. दुपारी आम्ही पत्ते खेळायचो. ती उघड उघड लबाडी करायची आणि पकडली गेली की छातीवर हात ठेवून हृदय दुखल्यासारखं करायची. सकाळी देओलिंदा अंगणात खुर्चीवर तिला बसवून तिचे पांढरे केस विंचरायची. मी आपला गोठ्याच्या भिंतीचे ढासळलेले दगड लावत असायचो आणि मधून मधून बघायचो. दोघी काही बोलत नसायच्या. मला वाटतं, पंचावन्न वर्षांचं बोलायचं राहिलेलं त्या केस विंचरून भरून काढत होत्या.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी बॅग भरली. फिलोमेनाने देओलिंदामार्फत विचारलं, हा कुठे निघाला? तिला नव्वद दिवसांचं समजावून सांगितलं. ती म्हणाली की हा नवरा आहे ना, मग नवऱ्याला कोण घालवतं? देओलिंदानेही म्हणून पाहिलं, "ऑर्तात जाऊन कचेरीत विचारून तरी येऊ." ऑर्ता म्हणजे बेटावरचं शहर, बसने पाऊण तासावर. पण मी आधीच गिलला फोन केला होता, आणि गिल म्हणाला होता की अर्ज चालू असताना कचेरीत तोंड दाखवशील तर लोक चौकशी करतील. एक दिवस जास्त राहिलास तर फाईल मेली समज. दोन वर्षांचे कष्ट मी बसच्या पाऊण तासावर कसे पणाला लावू? मी तिला म्हणालो, कायद्याने वागू, तीनच महिन्यांचा प्रश्न आहे, डिसेंबरात परत येतो. ती मला विमानतळावर सोडायला आली. "सूप डब्यात भरून गोठवून ठेवत जा," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मी महिनाभर बरा होतो. नोव्हेंबरात पन्हळीत पानं साचली. दरवर्षी शिडी देओलिंदा धरते. या वर्षी गिल धरणार होता. पण धरता धरता त्याला रस्त्यापलीकडे कोणाला तरी सल्ला द्यायची गरज भासली. शिडी घसरली आणि माझ्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात लुसील आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, देओलिंदाला कळवते. मी म्हणालो, नको कळवूस.

इथे मला खरं बोलायला हवं. मी 'नको' म्हणालो, पण फार मोठ्याने म्हणालो नाही.

देओलिंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. दोन आठवडे म्हणून आली होती. शेजारच्या अल्बर्टिनाला तिने फिलोमेनापाशी ठेवलं होतं. फिलोमेनानेच म्हणे तिला ढकललं होतं की जा, नवऱ्याचं हाड आधी, माझं हृदय काय पळून जातंय. दोन आठवड्यांचे चार झाले, कारण मला काठी घेऊनही उभं राहता येईना. ती मला उठवायची, बसवायची, भरवायची. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, कारण तिच्या चिडण्याला मी तोंड देऊ शकतो. त्यात माझा बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

नऊ जानेवारीला सकाळी नाश्त्याच्या वेळी अल्बर्टिनाचा फोन आला. फिलोमेना गेली होती. सकाळी उठून खुर्चीत बसली, अल्बर्टिना दूध गरम करायला आत गेली, परत येईपर्यंत संपलं होतं.

देओलिंदाने गॅस बंद केला. ॲप्रन काढला. मग तो पुन्हा घातला, पुन्हा काढला. बेटावर दफन दुसऱ्याच दिवशी होतं, तिकडे कोणाला थांबवत नाहीत. त्या आठवड्यात वादळ होतं, बेटाबेटांमधली विमानं बंद होती. पहिलं विमान मिळणार होतं ते चौथ्या दिवशी. ती दुपारभर फोनपाशी बसून राहिली. चार वाजता उठली आणि माझ्या औषधाची वेळ झाली म्हणून गोळी आणि पाणी घेऊन आली. मी ती गोळी घेतली. 

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. लोक भेटायला आले, मांस भरलेले मीट पाय आणि गोड पाव घेऊन आले. तिने सगळ्यांना कॉफी दिली. लुसीलने एकही तोटा न काढता कप विसळले. ती निघताना माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "मी फोन करायला नको होता." मी म्हणालो, तुझी चूक नाही. मग तिने उगाच माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

एकदा मी म्हणालो की अर्ज मागे घेतो, आता काय करायचंय त्याचं. देओलिंदा भांडी पुसत होती. ती म्हणाली, "नाही. त्याच्यापायी एवढं झालं. आता पुरं कर."

ऑक्टोबरात पत्र आलं. जोसेफ नॉर्मंड लेव्हासर पोर्तुगालचे नागरिक झाले होते. गिलने कुंपणावरून अभिनंदन केलं आणि मासेमारीची आठवण करून दिली. या वेळी मी केक आणला नाही.

फिलोमेनाच्या मुलांनी घर विकायला काढलं होतं; त्यातलं सामान आवरायला नोव्हेंबरात आम्ही बेटावर गेलो. जाऊनच आहोत तर ओळखपत्राचंही काम उरकावं, म्हणून ऑर्ताच्या कचेरीत गेलो. टेबलामागे तिशीतली एक मुलगी होती, केस वर बांधलेले, बोलायला मोकळी. तिने माझी फाईल चाळली. फाईल आता बरीच जाड झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा अभिमानही होता. मुलीने विचारलं, एवढी वर्षं याच्या मागे कशासाठी होतात? मी माझ्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं की बायकोला बहिणीपाशी राहायचं होतं, आणि मला बायकोपाशी.

"पण त्याला नागरिकत्व कशाला हवं होतं?" ती म्हणाली. "तुम्ही यांचे नवरे आहात ना? पोर्तुगीज बाईच्या नवऱ्याला तिच्याबरोबर राहता येतं. इथे येऊन एक अर्ज द्यायचा, लग्नाचा दाखला जोडायचा. लग्नाची नोंद झाली होती ना तुमची?"

"झाली होती," मी म्हणालो.

"मग झालं. गेल्या वर्षी जूनमध्ये आला होतात तेव्हाच दिला असता तर परत जायची काही गरजच नव्हती. कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

ती वाईट हेतूने बोलली नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. ती शिक्का शोधायला लागली.

मी ज्या ज्या लोकांना विचारलं होतं ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. ग्रासाबाईंचाही दोष नाही. मी त्यांना विचारलं होतं, नागरिक कसं व्हायचं, आणि त्यांनी तेच सांगितलं. बायकोपाशी कसं राहायचं हे मी कोणालाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न मला विचारायला कमीपणाचा वाटला होता. बैल गेल्यावर गोठा बांधणारे लोक मी पाहिले आहेत. पण मी गोठ्याचा नकाशा इतका सुबक काढत बसलो होतो की बैल माझ्या डोळ्यांदेखत गेला.

मी देओलिंदाकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही. मुलीने पत्ता विचारला, तेव्हा देओलिंदाने शांतपणे फिलोमेनाच्या घराचा पत्ता सांगितला. तिथे कोण राहतं, मुलीने विचारलं. "सध्या आम्ही," देओलिंदा म्हणाली.

बाहेर येऊन आम्ही बंदरासमोरच्या बाकावर बसलो. बस सुटायला अवकाश होता. मी तीन वाक्यं मनात जुळवली आणि तिन्ही टाकून दिली. शेवटी तीच बोलली.

"चार महिने तू सगळ्यांना विचारत होतास. गिलला, लुसीलला, पोरीला. मी त्याच घरात होते."

"हो," मी म्हणालो.

"मी विचारलं होतं, तू येशील का. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं, नॉर्मंड. कागद मी मागितले नव्हते."

ती मला एरवी कधीच पूर्ण नावाने हाक मारत नाही. मी पुन्हा 'हो' म्हणालो. फार उशीर झालेला 'हो' होता तो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी जानेवारीपर्यंत राहणार आहे. तिच्या वर्षाच्या प्रार्थनेपर्यंत. तू जायचं तर जा. राहायचं तर राहा. आता काही दिवस मोजायला नकोत तुला."

"राहतो," मी म्हणालो. मागच्या-पुढच्या कशाचाही विचार न करता मी बोललेला तो पहिलाच शब्द असेल.

घर रिकामं करायला दीड महिना लागला. भांडी अल्बर्टिनाकडे गेली, गाय आधीच गेली होती. फिलोमेनाचे कपडे देओलिंदाने एकेक घडी करून खोक्यात भरले, मला हात लावू दिला नाही. आम्ही गरजेपुरतं बोलत होतो. रागाचं मौन मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं. एखाद्या घरात आजारी माणूस झोपलेलं असलं की सगळे जसे हळू बोलतात, तसं ते होतं.

नऊ जानेवारीला प्रार्थना होती. गावचं छोटं चर्च, बाहेर भुरभुर पाऊस, आत जेमतेम वीस माणसं. पाद्र्याने फिलोमेनाचं नाव तीनदा घेतलं. देओलिंदा ताठ बसून होती. प्रार्थना संपली, सगळे उठून दाराकडे निघाले, आणि अल्बर्टिना आमच्या बाकापाशी आली. म्हातारी, फिलोमेनाच्याच वयाची. ती देओलिंदाला म्हणाली, "मला इतके दिवस एक सांगायचं होतं. त्या सकाळी फिलोमेनाने मला तिचे केस विंचरायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी दूध तापवते, मग विंचरते."

देओलिंदाने पर्स माझ्या हातात दिली. मग अल्बर्टिनानेही आपली पर्स माझ्या दुसऱ्या हातात दिली. आणि माझी बायको त्या म्हातारीच्या गळ्यात पडून रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं ते, मोठ्याने, लहान पोरीसारखं. त्यांच्या बेटावरच्या पोर्तुगीजमध्ये ती काहीतरी सांगत होती. त्यातलं निम्मं मला कळत होतं, आणि ते पुरेसं होतं. ती माझ्या खांद्यावर रडावी असं मला वाटलं. पण तेवढं मागण्याइतकं माझं काही उरलेलं नव्हतं.

मी दोन पर्सा घेऊन बाजूला उभा राहिलो. जाणारी माणसं घरच्या माणसाला भेटावं तशी माझ्यापाशी थांबत होती. हात मिळवायला पुढे यायची, माझे दोन्ही हात गुंतलेले पाहायची, आणि मग हळूच माझं कोपर दाबून, मान लववून पावसात निघून जायची.